साखरपा सोडलं की काटा चढतो: जुनी डिझेल पिकअप का तापते ते शोधताना

रत्नागिरी, पाली, नाणीज, साखरपा. इथपर्यंत टेम्परेचरचा काटा मधोमध, खिळा ठोकल्यासारखा. आंबा घाटाची तीन-चार वळणं झाली की तो हलतो, निम्म्या घाटात पाऊण होतो आणि माथा येईपर्यंत लाल पट्टीला टेकतो. वर दहा मिनिटं थांबलं की हळूहळू उतरतो, आणि पुढे मलकापूर ते कोल्हापूर गाडी काही झालंच नाही अशा थाटात चालते. माझ्या पिकअपने हे नाटक चार हंगामांत पाच वेळा केलं. घाटातलं दृश्य पाचही वेळा हेच होतं, कारण मात्र प्रत्येक वेळी नवं निघालं.

पहिल्या वेळी गॅरेजवाल्याच्या अंदाजावर नवी वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप, बसवली. जुनीला काहीच झालेलं नव्हतं, ती अजून माझ्या पडवीत पडून आहे. दुसऱ्या वेळीही अंदाजच, आणि त्यातून पुढच्या वर्षीचं दुखणं तयार झालं; ते खाली सांगतो. मग मात्र एक क्रम ठरवून घेतला: फुकटातलं आधी, शे-दोनशेचं नंतर, इंजिन उघडायचं सगळ्यात शेवटी.

गाडी चार सिलिंडरची, अडीच लिटरची, इंजिनात डिझेल सोडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपावर चालणारी. पंखा आणि वॉटर बॉडी पट्ट्यावर फिरतात, एसी नाही, संगणक नाही. हंगामात आंब्याच्या पेट्या वर जातात, परतताना गूळ किंवा पेंड. या जातीच्या कुठल्याही जुन्या पिकअपला पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. मी मेकॅनिक नाही, स्वतःची गाडी पुन्हा पुन्हा तापलेली पाहिलेला माणूस आहे.

आधी लक्षणं, तीही कागदावर

"गाडी गरम होते" एवढं सांगून कुणालाच काही कळत नाही. कधी होते, ते लिहा.

लोड घेऊन चढावर तापते आणि सपाटीला ठीक असते, तर इंजिन तयार करतंय तेवढी उष्णता बाहेर फेकली जात नाहीये. रेडिएटरची जाळी, पंखा, थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप), रेडिएटरचं झाकण, कुणीही गुन्हेगार असू शकतो.

नाक्यावर, ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि रस्त्याला लागली की थंड होते, तर हवा कमी पडतेय. पळताना हवा समोरून आपोआप मिळते, उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोण वारा घालणार?

उलट, उभी असताना बरी आणि वेगात तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही. जाळी आतून बुजलेली, खालचा होज पाईप चेपतोय किंवा वॉटर बॉडीची पाती गंजून झिजलेली.

सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर जातो, तर पाणी नाही, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा हेड गास्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय.

काटा एका क्षणात उडी मारून टोकाला जातो, तर आधी वायरिंग. एवढं पाणी आणि बीड एका सेकंदात तापत नाही. माझ्या गाडीचा काटा मध्यंतरी पालीला दिवेलागणीच्या वेळी वर जायचा. हेडलाइट लावला की वर, बंद केला की खाली. अर्थिंगची वायर गंजली होती. सॅंडपेपर मारून बोल्ट आवळला, संपलं. हे मी वरच्या पाच वेळांत धरलेलं नाही.

आणि शेवटचं: पाणी रोज कमी होतंय, पण गाडीखाली थेंब नाही. हे लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट हेड गास्केटच्या भागाकडे जा.

घाटात तापलीच तर

काटा चढतोय पण लालमध्ये गेलेला नाही आणि वाफ दिसत नाही, तर बाजूला घ्या, न्यूट्रल करा आणि इंजिन थोड्या वाढीव आरपीएमवर चालू ठेवा. पंखा आणि वॉटर बॉडी फिरत राहिली की काटा बहुतेक वेळा उतरतो. लगेच बंद केलं तर पाणी जागच्या जागी थांबतं आणि तापलेल्या हेडची सगळी उष्णता त्याच पाण्यात उतरते. गाडीला केबिनचा हीटर असेल तर तो पूर्ण उघडा. तोही एक छोटा रेडिएटरच आहे. उकाड्यात नको वाटेल, पण इंजिन वाचतं.

वाफ येतेय, पाईप फुटलाय किंवा काटा लालच्या शेवटाला आहे, तर त्याच क्षणी बंद. पाणी नसलेलं इंजिन चालू ठेवून थंड होत नाही.

झाकण गरम असताना उघडू नका. आत १०० अंशांच्या वरचं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा जाड पाईप फडक्याने दाबून पाहा, तो मऊ लागला आणि हाताला सोसवला तरच झाकण, तेही फडकं टाकून. आणि तापलेल्या इंजिनावर बाहेरून बादली ओतणारे मदतनीस प्रत्येक घाटात भेटतात. त्यांना हात जोडून थांबवा. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की ते वाकतं किंवा तडकतं.

पहिली तपासणी: पाणी

खर्च शून्य. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, जास्तीचं पाणी साठवायच्या बाटलीवर न थांबता रेडिएटरचं झाकण उघडून आत पाहा. बाटली भरलेली आणि रेडिएटर चार बोटं रिकामा, असं मी स्वतः पाहिलंय. झाकण खराब असलं की बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही.

पातळी कमी असेल तर पाणी गेलं कुठे ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाईपांच्या क्लिपा, जाळीचा तळ, वॉटर बॉडीच्या खालचं बारीक छिद्र, हीटरचे पाईप. कूलंट वाळलं की पांढरट किंवा हिरवट खपली राहते. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा, सकाळी डागाची जागाच सांगते.

कूलंट किती, यावर दोन टोकाची माणसं भेटतात. एक जण फक्त विहिरीचं पाणी घालतो, दुसरा कूलंटचा आख्खा डबा न मिसळता ओततो. दोघंही चूक. निव्वळ पाण्याने गंज धरतो, आणि बोअरचं जड पाणी असेल तर क्षार आत चिकटतात. निव्वळ ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य द्रव, पाण्यापेक्षा बरीच कमी उष्णता वाहून नेतो, म्हणजे जास्त कूलंट घातलं की जास्त थंडावा, हे खरं नाही. घट्ट कूलंट असेल तर निम्मं ते आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात काही घालायचं नाही. सांडलेलं कूलंट धुऊन टाका, ते चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना विष आहे.

दुसरी: जाळीचं तोंड

पहिल्या वर्षीचं खरं कारण हे होतं, वॉटर बॉडीचे पैसे घालवल्यानंतर सापडलेलं. बागेत गाडी आत नेतो, वाळकी पानं, गवताचं कूस, पेट्यांत घालायच्या पेंढ्याचं भूस. सगळं जाळीत जाऊन बसतं, वरून लाल धूळ आणि किडे. समोरून पाहिलं तर जाळी बरी दिसत होती. ज्यांच्या गाडीला पुढे एसीचा कंडेन्सर किंवा इंटरकूलर आहे, त्यांच्याकडे तर कचरा त्या दोघांच्या मधल्या फटीत साठतो आणि कुठूनच दिसत नाही. रात्री मागून बॅटरी मारायची आणि समोरून पाहायचं. जिथून उजेड येत नाही, तिथून हवाही येत नाही.

धुवायचं ते इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने. समोरून पाणी मारलं तर कचरा आणखी आत घुसतो. सर्व्हिसिंग सेंटरची जोराची गन जवळून मारू नका, पत्र्याच्या बारीक पापण्या झोपतात आणि हवा कायमची अडते. साधा बागेचा पाईप, चिकट तेलकट असेल तर साबणाचं पाणी, दहा मिनिटं मुरू द्यायचं, मग धार.

जाता जाता पुढची सजावटही पाहा. लोखंडी गार्ड, चार जास्तीचे दिवे, देवाच्या नावाची पाटी, वर फुलांचे हार. पाटी असावी, पण ग्रिलच्या मधोमध नसावी.

तिसरी: झाकण

दुसऱ्या वर्षीचं कारण. शे-दोनशे रुपयांची वस्तू, आणि सगळ्यात शेवटी संशय तिच्यावर जातो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो हवेच्या दाबाच्या वरचा, बारमधला दाब. साधं पाणी मोकळ्या भांड्यात १०० अंशांना उकळतं, ०.९ बार दाबाखाली तेच ११८ अंशांच्या आसपास. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली की हा दाब टिकत नाही. घाटात हेडच्या भोवती वाफेचे बुडबुडे धरतात आणि जिथे वाफ आहे तिथे धातूला पाणीच लागत नाही. रेडिएटर बाटलीत पाणी फेकायला लागतो, पाणी कमी होतं, काटा चढतो.

रबराला चीर आहे का, मधली छोटी झडप बोटाने उचलून सोडल्यावर परत बसते का, रेडिएटरच्या तोंडाची कड वाकलेली आहे का, हे पाहा. शंका आली की बदला, पण त्याच आकड्याचं घ्या. "जास्त दाबाचं चांगलं" म्हणून १.१ च्या जागी १.४ लावणाऱ्यांची जुनी जाळी सांध्यात सुटते.

त्या वर्षी झाकण तपासायचं सोडून गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढून फेकला. झाकण मी नंतर, वैतागून, शेजाऱ्याच्या गाडीचं लावून पाहिलं तेव्हा कळलं. थर्मोस्टॅट मात्र गेला तो गेला.

चौथी: पट्टा आणि पंखा

पट्टा दोन पुलींच्या मधल्या सर्वांत लांब भागात अंगठ्याने दाबा. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. आतली बाजू आरशासारखी चकचकीत झाली असेल तर तो घसरतोय. सपाटीला कळत नाही, चढावर वॉटर बॉडी आणि पंखा दोघंही मागे पडतात. तेल सांडलेला पट्टा ताणून उपयोग नाही, बदला आणि तेल कुठून येतंय ते पाहा.

पंख्याच्या मध्यभागी जो डबा असतो, आमच्याकडे त्याला कपलिंग म्हणतात, त्यात सिलिकॉन तेल असतं. जाळीतून गरम हवा आली की ते पंख्याला इंजिनाबरोबर जखडतं. तेल गळून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. चौथं दुखणं हेच. खूण आधीपासून मिळत होती: नेहमी निम्म्या घाटात पंख्याचा घरघराट सुरू होतो, त्या हंगामात घाट शांत होता. मला वाटलं, नवं ऑइल टाकल्यामुळे इंजिन गुळगुळीत चालतंय! पालीच्या नाक्यावर गर्दीत काटा चढला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तपासायची पद्धत: गाडी चांगली गरम करून इंजिन बंद करा, किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा, मग पंख्याला हाताने झटका द्या. हाताला ओढ लागली पाहिजे. घरातल्या पंख्यासारखा दोन-तीन फेऱ्या मोकळा फिरला तर कपलिंग गेलं. मध्यभागी तेलकट धूळ चिकटलेली असेल तर खात्री. पुढे-मागे हलवून खेळ आहे का तेही पाहा, कारण तो सुटून जाळीत घुसला तर खर्च तिप्पट.

पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं तुटलं असेल किंवा कुणी काढून ठेवलं असेल तर परत बसवा. त्याच्याशिवाय पंखा जाळीतून हवा ओढायचं सोडून बाजूची गरम हवाच घुसळत बसतो. जुन्या गाड्यांत हे कडं गायब असणं इतकं सर्रास आहे की अनेकांना ते मुळात होतं हेच माहीत नसतं.

पाचवी: पाईप

थंड असताना दाबून पाहा. टोकाला फुगलेला, भेगा पडलेला, आतून भुसभुशीत लागणारा बदला. खालच्या पाईपकडे वेगळं लक्ष द्या. वॉटर बॉडी तिथून पाणी ओढते. पाईप मऊ पडला किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली तर जास्त आरपीएमला तो आत चेपतो आणि पाणी बंद. उभ्या गाडीत काही दिसत नाही. कुणाला तरी रेस करायला सांगा आणि तुम्ही पाईपकडे पाहा, हात आणि शर्टाची बाही पट्ट्यापासून लांब ठेवून.

सहावी: थर्मोस्टॅट

यावर जरा रेंगाळतो, कारण इथे वाद फार. "आपल्याकडे एवढा उकाडा, थर्मोस्टॅट हवाय कशाला" हे वाक्य मी कोल्हापूर ते रत्नागिरी प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकलंय.

थर्मोस्टॅट काढल्यावर माझ्या गाडीचा काटा सपाटीला पावाच्या खाली राहायला लागला. मी खूश. डिझेल थोडं जास्त लागतंय, सकाळी धूर जास्त येतोय, याचा संबंध जोडला नाही. पुढच्या हंगामात पहिल्याच पूर्ण लोडला घाटात लाल. कारण असं: बऱ्याच डिझेल इंजिनांत पाण्याला दोन वाटा असतात. इंजिन थंड असताना पाणी बायपासच्या छोट्या वाटेने आतल्या आत फिरतं. गरम झालं की थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी त्याची खालची चकती बायपास बंद करते. थर्मोस्टॅट काढला की दोन्ही वाटा कायम उघड्या. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात. सपाटीला हे खपून जातं, चढावर नाही.

चांगला थर्मोस्टॅट कसा ओळखायचा? त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्या अंशांना तो उघडायला लागतो. दोरीला बांधून पातेल्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, स्वयंपाकघरातलं पातेलं असेल तर घरात परवानगी काढा. पाणी तापवत न्या. आकड्याच्या आसपास उघडू लागून पाणी खळखळेपर्यंत तो पूर्ण, साधारण ८ ते १० मिलिमीटर उघडला पाहिजे, आणि गार केल्यावर घट्ट मिटला पाहिजे. अर्धवट उघडला तर नवा घ्या. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि कडेला बारीक छिद्र असेल तर ते वर, हवा निघायला.

नंतर हवा काढायला विसरू नका. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा, पाणी सावकाश भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाईप अचानक गरम होतो आणि पातळी एकदम खाली जाते. तेवढं भरा, बुडबुडे थांबले की झाकण लावा. हवा आत राहिली तर काटा वर-खाली नाचतो आणि तुम्ही भलत्याच भागावर संशय घेत बसता.

सातवी: जाळी आतून, आणि वॉटर बॉडी

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर संशय जाळीच्या आतल्या नळ्यांवर. हजार-दीड हजारात मिळणारं लांबून तापमान मोजायचं यंत्र इथे कामाला येतं. गाडी गरम करून चालू ठेवा आणि जाळीवर वेगवेगळ्या जागी मोजा. गरम पाणी शिरतं तिथून बाहेर पडतं तिथपर्यंत तापमान सावकाश उतरत गेलं पाहिजे. मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नाही. चकचकीत अॅल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचं, कमी तापमान दाखवतं. तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मोजा. डॅशबोर्डचा काटा खरं बोलतोय का तेही याच यंत्राने थर्मोस्टॅटच्या घरावर मोजून कळतं.

माझ्या जाळीचा जवळजवळ खालचा तिसरा हिस्सा गार निघाला. ड्रायव्हरने एकदा वाटेत गळती लागली म्हणून हळद घातली होती. हळदीने गळती थांबते, मीही एकदा साखरप्यापर्यंत तशीच आणलीय. पण घरी पोचल्यावर सगळं पाणी काढून धुवायचं असतं. त्याने न सांगता तसंच महिने काढले, वर आणखी एकदा मुठभर. गळती थांबवायच्या तयार पुडीचाही हाच स्वभाव.

तांब्या-पितळेची जुनी जाळी असेल तर रेडिएटरवाला टाक्या उघडून नळ्यांतून सळया घालून साफ करतो आणि परत डाग देतो. हे काम त्याच्यावरच सोपवा. प्लॅस्टिकच्या टाक्यांची अॅल्युमिनियम जाळी अशी साफ होत नाही, ती बदललेली बरी. अॅसिड घालून स्वतः धुवायचा उद्योग करू नका, जाळी आतून खाल्ली जाते.

वॉटर बॉडी: पट्टा काढून पुली हाताने हलवा. खेळ असेल, घरघर असेल किंवा खालच्या छिद्रातून थेंब येत असेल तर ती गेली. काही इंजिनांत ती टायमिंग बेल्टवर असते, तिथे स्वतः हात घालू नका.

पाणी सगळं ठीक, तरी तापते

मग इंजिनच जास्त उष्णता तयार करतंय. जड गियरमध्ये कुथत चढवणं हे सर्वांत मोठं कारण. तिसऱ्यात दम लागेपर्यंत रेटली की पंखा आणि वॉटर बॉडी मंद, डिझेल मात्र पूर्ण. दुसऱ्यात, २००० आरपीएमच्या वर, सावकाश चढा. वेळ चार मिनिटं जास्त जातो. लोड कागदावर आहे त्याच्या दीडपट भरलात तर कुठलीच जाळी पुरणार नाही, आणि हंगामात आपण सगळे भरतो हे मलाही माहीत आहे.

गाडी थांबवल्यावर चाकांजवळ त्याच यंत्राने, हात न लावता, तापमान मोजा. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर ब्रेक धरून राहतोय. एअर फिल्टर झटका. काळा धूर असेल आणि कुणी ताकदीसाठी डिझेल पंप "वाढवून" दिला असेल, तर तो पंपवाल्याकडे मोजणीला लावा. पंपाचा स्क्रू घरी फिरवायचा नाही.

इथे थांबा: हेड गास्केट

सकाळी थंड इंजिन, झाकण उघडं, पाणी काठोकाठ. तोंड लांब ठेवून चालू करा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे चालतात. सोडा वॉटरसारखी अखंड माळ सुरू झाली तर जळालेला गॅस पाण्यात येतोय. झाकण लावून चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत, पाणी कोमट व्हायच्या आधीच वरचा पाईप दगडासारखा झाला, तरी अर्थ तोच. ऑइलची पट्टी काढा: दुधाच्या चहासारखं ऑइल असेल तर पाणी तळाला पोचलंय. फक्त वरच्या ऑइल झाकणाखाली थोडी साय असेल तर घाबरू नका, थंडीत कमी अंतर चाललेल्या गाडीला दमटपणाने तसं होतं. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग, गरम झाल्यावरही न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, ही त्याच घरातली मंडळी.

यापैकी काहीही दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या. आणि सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन अर्धवट फिरून अडकलं तर दुसऱ्यांदा मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

माझ्या मेहुण्यांची गाडी अशीच पाणी मागायला लागली होती. भर हंगाम, गाडी उभी ठेवणं परवडेना, म्हणून दर तीस-चाळीस किलोमीटरला बाटल्या ओतत त्यांनी दोन आठवडे काढले. पहिल्या दिवशी उघडली असती तर गास्केट आणि फेसिंगवर (हेडचा तळ घासून सपाट करण्यावर) भागलं असतं. उघडली तेव्हा हेडला दोन व्हॉल्वच्या मधे भेग होती, आणि मे महिना संपेपर्यंत त्यांनी भाड्याची गाडी लावली.

हेडचं काम चांगल्या मिस्त्रीचं आणि लेथवाल्याचं. तुम्ही फक्त विचारायचं. हेड सरळपट्टी आणि फीलर गेज लावून मोजलं का? भेगेसाठी दाबाखाली तपासलं का? फेस मारल्यावर जाडी कंपनीच्या मर्यादेत आहे का? डिझेल इंजिनांत गास्केट वेगवेगळ्या जाडीची येतात, पिस्टन किती वर येतो त्यावरून निवडलं का? बोल्ट टॉर्क रेंचने, ठरलेल्या क्रमाने आवळणार का? आणि हेड मुळात का गेलं, ते कारण सापडलं का? बुजलेली जाळी तशीच ठेवून बसवलेलं नवं गास्केट पुढच्या घाटात जातं.

जुनं गास्केट फेकू देऊ नका, मागून घ्या. कुठल्या सिलिंडरच्या कडेला जळालंय ते त्यावर दिसतं, आणि लेथवाल्याला हेडचा नेमका कोणता भाग बारकाईने पाहायचा ते कळतं. गाडी परत आल्यावर पहिल्या तीन सकाळी थंड असताना पाणी आणि ऑइलची पट्टी पाहा. पहिला पूर्ण लोड घाटात नेण्याआधी एकदा अर्ध्या लोडवर साखरप्यापासून माथ्यापर्यंत जाऊन या.